बाजार पडत असताना शेअर बाजारात पैसे कमावता येतात का?

येतात, त्यातल्या त्यात सोपा मार्ग म्हणजे निफ्टी या निर्देशांकाचा पुट ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाला विकण्याचा हक्क, विकत घेणं. निर्देशांक घसरला की पुटचा भाव वाढतो, अंदाज चुकला तर भरलेला प्रीमियम (त्या हक्काची किंमत) तेवढा जातो. हातात नसलेला शेअर आधी विकून मग स्वस्तात घेणं (शॉर्ट सेलिंग) शेअरांच्या थेट खरेदी-विक्रीत (कॅश सेगमेंटमध्ये) त्याच दिवशी पुरं करावं लागतं, नाहीतर एक्सचेंज ते शेअर लिलावात घेतं आणि त्याचा भुर्दंड बसतो. पण पडझड सुरू झाल्यावर पुट महागलेला असतो, पाऊस लागल्यावर छत्री महागते तसा. शिवाय एक्स्पायरी (ऑप्शनची मुदत संपण्याचा दिवस) जवळ येते तसा प्रीमियम विरघळत जातो, म्हणजे दिशा बरोबर असूनही तोटा होऊ शकतो! शेअर बाजाराची नियंत्रक संस्था सेबीच्या २०२४च्या अभ्यासानुसार आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ मध्ये फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या (अशा मुदतीच्या सौद्यांमधल्या) ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडरांना तोटाच झाला. म्हणून हातात शेअर असतील तरच, विमा म्हणून, पुट घ्यावा असं माझं मत.