आरोग्य प्रश्नोत्तरे : शिंकलं की लघवी गळते

प्रश्न : वय ४६, दोन्ही बाळंतपणं नॉर्मल, दुसऱ्या वेळी चिमटा लावावा लागला होता. शिंकताना, फोडणीच्या ठसक्याने, कूलरमध्ये बादलीने पाणी ओतताना लघवीचे थेंब जातात. सासूबाई म्हणतात, लेकुरवाळ्यांचं असंच चालायचं. मैत्रिणीने लघवी मधेच अडवायचा व्यायाम सांगितला, तो वर्षभर केला, फरक नाही. आता पाणीच कमी पिते. ऑपरेशन लागेल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : लगेच नाही. तुमचा व्यायाम बहुधा चुकतो आहे, आणि पाणी तोडणं तर साफ चूक. नागपूरच्या उन्हाळ्यात कमी पाणी म्हणजे गडद, झोंबणारी लघवी, जंतुसंसर्ग आणि वर बद्धकोष्ठता. शौचाला कुंथलं की तेच स्नायू आणखी सैल पडतात. लघवी फिकट पिवळी राहील इतकं पाणी प्या. कमी करायचाच असेल तर चहा कमी करा.

मूत्राशय आणि लघवीची नळी यांना खालून स्नायूंचा आधार असतो. बाळंतपणात तो ताणला जातो. मग खोकताना पोटातला दाब अचानक वाढतो आणि नळी पुरेशी मिटत नाही. पाळी जाण्याच्या सुमारास, वजन वाढल्यावर किंवा खोकला जुना झाल्यावर त्रास वाढतो. रक्तदाबासाठी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असेल आणि कोरडा खोकला येत असेल तर डॉक्टरांना सांगा. तो खोकला गोळीचाच असू शकतो. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

आता व्यायाम. लघवी करताना धार अडवणं एखाद्या वेळी, स्नायू ओळखण्यापुरतं ठीक. रोज केल्यास मूत्राशय नीट रिकामं होत नाही. उताणं झोपा, गुडघे दुमडा. गॅस आणि लघवी एकदमच रोखायची आहे असं समजून आत आणि वर ओढा. पोटावर हात ठेवा : पोट कडक झालं, नितंब आवळले किंवा श्वास अडकला, तर जोर भलतीकडेच लागतोय. स्वच्छ बोट योनीमार्गात ठेवल्यास ते आवळलं जाऊन वर ओढल्यासारखं वाटायला हवं. बाहेर ढकललं जात असेल तर तुम्ही कुंथताय, आणि हीच चूक सर्वांत जास्त दिसते. ५ सेकंद धरा, १० सेकंद पूर्ण सोडा. असं ८ ते १० वेळा, मग तितक्याच वेळा झटपट आवळून सोडा. दिवसातून ३ वेळा. जमू लागलं की धरायचा वेळ हळूहळू १० सेकंदांवर न्या, नंतर बसून आणि उभ्याने करा. बादली उचलण्याआधी, शिंक येताना आधी आवळा, मग उचला किंवा शिंका. निदान ३ महिने द्या, तेही शक्यतो या विषयातल्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घेऊन. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरलं तरी फरक पडतो.

त्याआधी नागपुरातल्या मेडिकल, मेयो किंवा डागा या सरकारी रुग्णालयांपैकी एकात स्त्रीरोग ओपीडीत दाखवा. लघवी व साखरेची तपासणी, भरल्या मूत्राशयाने खोकून पाहणं, लघवीनंतर आत किती उरते याची सोनोग्राफी, एवढं सहसा पुरतं. लघवीत रक्त, अंग बाहेर येणं किंवा दिवसरात्र सतत गळणं असेल तर थांबू नका.

व्यायामाने भागलं नाही, तर योनीत बसवायची पेसरी (आतून आधार देणारी कडी) हा एक पर्याय. ऑपरेशनात नळीखाली कृत्रिम जाळीची पट्टी किंवा स्वतःच्याच ऊतीची पट्टी घालतात. उपाय चांगला, पण लघवी अडणं, नव्याने घाई लागणं, जाळी उघडी पडणं हे धोके आहेत. इंग्लंडमध्ये २०१८ साली जाळीचा वापर थांबवण्यात आला तो अशा तक्रारींमुळेच. डॉक्टर कोणती पट्टी घालणार, हे आधी विचारा.

प्रश्न : आई ६२ वर्षांची आहे. लागली की बाथरूमपर्यंत पोचेस्तोवर होते. तिलाही हेच ऑपरेशन चालेल?

उत्तर : नाही. हा घाईचा प्रकार, इथे मूत्राशयच अवेळी आकुंचन पावतं. पट्टीने तो बरा होत नाही, कधी वाढतो. ३ दिवस किती पाणी प्यायलं, कधी व किती लघवी झाली ते लिहून डॉक्टरांना दाखवा. जाण्यामधलं अंतर १५-१५ मिनिटांनी वाढवत नेणं आणि गरज पडल्यास गोळ्या, हा तिचा मार्ग.