शाळेत चित्रकलेच्या तासाला मुलं नेमकं शिकतात काय? एलिमेंटरीला बसवावं का?

‘आठवी-नववीत चित्रकलेच्या तासाला नेमकं काय शिकवतात? मुलाचा हात काही बरा नाही. एलिमेंटरीला बसवावं, की तो वेळ गणिताला द्यावा?’ असं तुम्ही विचारलंय. त्यातलं ‘हात बरा नाही’ वाचलं आणि उत्तर द्यायला बसलो. कलाशिक्षकाला हे वाक्य दर पालकसभेत ऐकावं लागतं. मुलाला त्रैराशिक जमत नसेल तर त्याला अंगचं गणित नाही म्हणून कोणी सोडून देत नाही, शिकवणी लावतात. चित्राच्या बाबतीत मात्र ‘देवाने दिलं तरच’ असं ठरवून मोकळे होतात. माझं मत स्पष्ट आहे: शाळेच्या पातळीला लागणारं चित्र शिकवून येतं, आणि बहुतेक मुलांना येतं.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या कला संचालनालयाच्या रेखाकला परीक्षा. दोन दिवस, चार पेपर. एलिमेंटरीला वस्तुचित्र (समोर मांडलेल्या वस्तूंचं), स्मरणचित्र (दिलेल्या विषयावर मनाने काढायचं), संकल्पचित्र (नक्षी) आणि चौथ्यात कर्तव्य भूमिती, म्हणजे कंपास-पट्टीने करायच्या रचना, व अक्षरलेखन. इंटरमिजिएटला वस्तुचित्राच्या जागी रंगातलं स्थिरचित्र येतं आणि भूमितीत घनभूमितीची, म्हणजे घन वस्तूंच्या आकृत्यांची, भर पडते. आठवी-नववीचे तास बहुतेक शाळांत याच चौकटीत चालतात. हे तुम्हाला कोणीही सांगेल. त्या तासात डोक्यात काय शिरतं ते सांगतो.

वस्तुचित्रातली बादलीच घ्या. नवीन मूल बादलीचं तोंड गोल काढतं आणि तळ सरळ रेघेने बंद करतं. कारण बादली सपाट जमिनीवर उभी आहे हे त्याला माहीत असतं, आणि माहीत असलेलं ते समोर दिसणाऱ्यावर लादतं. खरं तर बादलीचं तोंड आणि तळ ही दोन्ही आडवी वर्तुळं, नजरेच्या पातळीखाली असलेली. पातळीच्या जितकं खाली जावं तितकं ते चपटं दिसणारं वर्तुळ, म्हणजे लंबवर्तुळ, उघडत जातं. म्हणून तळाचा व्यास लहान असला तरी त्याचा बाक तोंडाच्या बाकापेक्षा जास्त गोलसर हवा. पटत नसेल तर स्टीलची वाटी डोळ्यांसमोर धरायची. कडा सरळ रेघ दिसते. तीच हळूहळू खाली न्यायची आणि तोंड उघडताना बघायचं. हे मुलाला एकदा हातात वाटी देऊन दाखवलं की फळ्यावर दहा वेळा काढून दाखवावं लागत नाही.

मग काढायची रीत. आधी उभा मध्य, त्याला काटकोनात लंबवर्तुळाचा लांब अक्ष, मध्याच्या दोन्ही बाजूंना सारखं अंतर. लंबवर्तुळाची टोकं कधीही टोकदार होत नाहीत, तिथेही लहानसा गोल वळसा असतो. टोकदार झाली की बादलीचं तोंड माशासारखं दिसायला लागतं. तळाचं लंबवर्तुळ पूर्ण काढायचं, वस्तू काचेची आहे असं समजून, आणि मागचा न दिसणारा भाग नंतर पुसायचा. ही पायरी मुलं टाळतात आणि तिथेच रचना फसते. कारण बादलीपुढे तांब्या ठेवलाय, तर दोघांचे तळ कागदावर पूर्ण काढले तरच कळतं की ते एकमेकांत घुसले आहेत का. घुसले असतील तर बादली आणि तांब्या एकाच जागी उभे आहेत, जे होऊ शकत नाही. तपासणाऱ्याला ही चूक लांबूनही दिसते.

मापाचंही तसंच. हात पूर्ण ताठ, एक डोळा मिटलेला, पेन्सिल नजरेला आडवी, अंगठ्याने खूण. बादलीच्या रुंदीच्या किती पट उंची आहे एवढंच बघायचं. कोपर जरा वाकलं की माप बदललं. दुसरी चूक म्हणजे पेन्सिलवर आलेलं माप तसंच कागदावर उतरवणं. मग पाव इंपिरियल कागदावर, म्हणजे साधारण ११ बाय १५ इंचांत, वस्तूंचा समूह कोपऱ्यात लिंबाएवढा बसतो. पेन्सिलवरून प्रमाण घ्यायचं. आकार कागद बघून ठरवायचा. चारी बाजूंना दोन बोटं जागा सोडून समूहाचा बाहेरचा चौकोन आधी आखून घेतला की अर्धी लढाई जिंकली.

छायाप्रकाशात मुलं दोन गोष्टी हमखास करतात: सगळीकडून सारखी काळी बाह्यरेषा, आणि बोटाने घासून केलेला राखाडी धूर. डोळे किलकिले करायला लावा. बारीकसारीक तपशील जातो आणि छटांचे तीन-चार पट्टे उरतात. उजेडाचा भाग, मधली छटा, गडद छाया, आणि छायेच्या पलीकडच्या कडेला जमिनीवरून परत आलेला थोडा उजेड. हा परतीचा उजेड उजेडाच्या भागाइतका पांढरा कधीच नसतो. तसा ठेवला तर वस्तूला दोन दिवे लागल्यासारखे दिसतात. पडछाया वस्तूला टेकते तिथे सर्वात गडद, दूर जाता जाता फिकी आणि कडेला मऊ. स्टीलच्या तांब्याचा नियम वेगळा. तिथे सर्वात गडद पट्टा सर्वात चकचकीत पट्ट्याला चिकटून असतो. त्याला मातीच्या माठासारखी हळुवार छाया दिली की तो प्लॅस्टिकचा होतो.

रंगाचं थोडक्यात. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद, म्हणून फिक्याकडून गडदाकडे जायचं. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, देताना बोर्ड थोडा कलता, ब्रश भरलेला, आणि खालच्या कडेला साठलेलं पाणी पुढे पुढे ओढत न्यायचं. अर्धवट वाळलेल्या जागी परत ओला ब्रश लावला की फुलकोबीसारखे डाग उठतात, आणि ते जात नाहीत. पोस्टर रंग अपारदर्शक. पातळ केला तर ब्रशचे पट्टे दिसतात, जाड थापला तर वाळल्यावर तडकतो. लागेल त्यापेक्षा जास्तच रंग एकदम कालवून ठेवायचा, कारण दुसऱ्यांदा तीच छटा जुळत नाही, आणि ओली छटा वाळल्यावर बदलते. पिवळ्या लिंबाची सावली काळ्याने केली तर लिंबू हिरवट पडतं. तिथे तपकिरी किंवा किंचित जांभळा चालतो.

आता स्मरणचित्राकडे येतो. इथे एका सहकारी कलाशिक्षकाशी माझा जुना वाद आहे. त्यांची पद्धत अशी: मुलांकडून चार चित्रं घोटून घ्यायची. उजवीकडे झाड, डावीकडे कौलारू घर, मागे दोन डोंगर, पुढे पाच ठरलेल्या आकृत्या. विषय ‘भाजीबाजार’ आला की आकृत्यांच्या हातात पिशव्या, ‘रंगपंचमी’ आली की पिचकाऱ्या. ते म्हणायचे, दोन तासांत आठवीचं पोर रचना कधी करणार? पाठ असलं की निदान कागद भरतो. मी म्हणायचो, कागद भरतो आणि डोकं रिकामं राहतं. एकदा सराव परीक्षेत विषय निघाला ‘बस थांब्यावरील गर्दी’. त्यांच्या मुलांच्या चित्रांत एसटी कौलारू घराच्या अंगणात उभी होती. सगळी माणसं एका रेघेत, सर्वांचे पाय एकाच पातळीवर, आणि ‘लांबची’ माणसं म्हणून लहान केलेल्या आकृत्या जवळच्या माणसांच्या शेजारी बुटक्यांसारख्या उभ्या. त्या मुलांना चित्र येत होतं, पण गर्दी उभी कशी राहते हे कोणी सांगितलंच नव्हतं.

ते सांगायला एक तास पुरतो. क्षितिजरेषा म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांची पातळी. तुम्ही सपाट रस्त्यावर उभं राहून बघताय, तर तुमच्याएवढ्या उंचीच्या प्रत्येक मोठ्या माणसाचे डोळे त्याच रेषेवर येतात, मग तो दोन पावलांवर असो की पन्नास. बदलतात ते पाय. जवळच्याचे पाय कागदावर खाली, लांबच्याचे वर. मग माणूस किती मोठा काढायचा हा प्रश्नच उरत नाही. पाय कुठे टेकवायचे ते ठरवा, तिथून क्षितिजरेषेपर्यंत अंतर घ्या, माणूस डोळ्यांपर्यंत तेवढाच. मोठ्यांच्या दोनतृतीयांश उंचीचं मूल असेल तर त्याच अंतराचा दोनतृतीयांश भाग. पहिल्या मजल्यावरून बघितलेली गर्दी असेल तर क्षितिजरेषा डोक्यांच्या वर जाते, पण प्रमाण सगळ्यांना एकच लागू. हा एक नियम कळलेला मुलगा बाजार, जत्रा, विसर्जन, नळावरची रांग, काहीही उभं करतो. पाठ केलेल्या चार चित्रांत यातलं एकही नीट बसत नाही.

आकृतीसाठी डोक्याचं माप. मोठं माणूस सात ते साडेसात डोकी उंच, पाच-सहा वर्षांचं मूल साधारण साडेपाच. शरीराचा मध्य कमरेवर येत नाही, मांड्या सुरू होतात तिथे येतो. मुलं पाय आखूड काढतात त्याचं कारण हेच. हाताचा पंजा हनुवटीपासून केसांच्या रेषेएवढा. एकदा तळहात चेहऱ्यावर ठेवून बघितला की विसरत नाही. आणि मागच्या आकृत्यांना काळी बाह्यरेषा द्यायची नाही. ती दिली की मागची माणसं पुढे येऊन उभी राहतात.

संकल्पचित्रात वर्तुळ किंवा चौकोनात नक्षी असते. आठवा हिस्सा नीट काढा, ट्रेसिंगने उलटसुलट करून पूर्ण करा, आणि नक्षीइतकंच लक्ष मोकळ्या जागेवर ठेवा. बहुतेक नक्ष्या मोकळ्या जागा वेड्यावाकड्या उरल्यामुळे पडतात. रंग तीन-चार पुरे.

भूमितीत रीत बहुतेकांना येते. वर्तुळातल्या पंचकोनाची पाचवी बाजू पहिल्या बिंदूला येऊन मिळत नाही, त्याला कारण कंपासातलं बोथट शिसं. प्रत्येक पावलाला अर्धा मिलिमीटर सुटला की पाचव्याला अडीच. रचनेच्या रेषा एच किंवा टू-एच या कडक पेन्सिलीने, उत्तराच्या एचबीने, आणि रचनेच्या रेषा पुसायच्या नाहीत. घनभूमितीत एक्स-वाय या आडव्या रेषेच्या वर एलिव्हेशन (वस्तू समोरून दिसते तशी), खाली प्लॅन (वरून दिसते तशी). उलट झालं तर बाकी सगळं बरोबर असूनही उपयोग नाही. अक्षरलेखनात शिरोरेषा आखण्याआधीच वर वेलांटी-मात्रांची आणि खाली उकारांची जागा धरावी लागते. अंतर पट्टीने सारखं ठेवलं तर शब्द असमान दिसतो. ‘पा’मध्ये प ची उभी रेघ आणि काना शेजारी येऊन गर्दी होते, तर ‘रट’मध्ये मधली जागा मोकळी पडते. म्हणून उभ्या रेघांमध्ये अंतर थोडं जास्त, गोलाव्यांमध्ये कमी, आणि शेवटचा निकाल डोळ्यांचा.

आता तुमचा मूळ प्रश्न. बसवा. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, ए ला ७, बी ला ५, सी ला ३, पण नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा शाळेत चौकशी करूनच हिशेब मांडा. एलिमेंटरीला असे गुण नाहीत, ती पायाभरणी आहे. गणिताचा वेळ जाईल ही भीती सोडा. प्रमाण, काटकोन, अक्ष आणि प्लॅन-एलिव्हेशन यांतच पोरगा वर्षभर असतो. आठवड्याला दोन वेळा पाऊण-पाऊण तास घरचा सराव पुरतो, घरातल्याच वस्तू मांडून.

हे सगळं शाळेला कलाशिक्षक असेल तर. पुष्कळ शाळांत तो नाही, किंवा चित्रकलेचा तास पोर्शन पुरा करायला दुसऱ्या विषयाला जातो. तसं असेल तर पालकसभेत तोंड उघडा. आणि ज्याला मनापासून चित्र काढायचंच नाही त्याला सात गुणांसाठी जबरदस्तीने बसवू नका.

सामान मोजकं आणा: टू-एच, एचबी, टू-बी, फोर-बी पेन्सिली, गोल ब्रश २, ४, ८ नंबरचे, एक चपटा, बारा पोस्टर रंग, त्यात पांढरी बाटली मोठी. कंपास चांगला घ्या, तिथे पैसे वाचवू नका.

बाहेर क्लास लावणार असाल तर आधी तिथे जाऊन चार मुलांच्या वह्या मागून बघा. चौघांच्याही स्मरणचित्रात तेच झाड आणि तेच कौलारू घर दिसलं, तर फी भरू नका.