गिऱ्हा आणि हडळ लढले तर?

प्रिय ईशान,

व्हँपायर जिंकेल की वेअरवुल्फ यावरून शाळेत तुमचा वाद झाला आणि घरी येऊन तू विचारलंस, "आई, आपल्या कोकणातली दोन डेंजर भुतं लढली तर कोण जिंकेल?" झोपायच्या वेळी घाईत उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

माझी जोडी गिऱ्हा आणि हडळ.

गिऱ्हा म्हणजे बुडून मेलेल्या माणसाचं भूत. नदी, खाडी, व्हाळातली कोंड (म्हणजे ओढ्यातला डोह) ही त्याची जागा. तो मारामारी करत नाही, हाक मारतो. ओळखीच्या माणसाचं सोंग घेऊन म्हणतो, "इकडून ये, इथे पाणी गुडघ्याएवढंच आहे." आणि माणूस डोहात जातो. म्हणूनच तुझी पणजी मुलांना तिन्हीसांजेला व्हाळावर जाऊ द्यायची नाही. पावसाळ्यात कोकणातल्या पाण्याचा खरोखरच भरवसा नसतो.

हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेल्या बाईचं भूत. केस मोकळे, रूप देखणं, पण पावलं उलटी. ती माणसाला झपाटते, अंगात शिरते. हिच्याबद्दल मला भीतीपेक्षा वाईट जास्त वाटतं. गावात डॉक्टर नव्हते, दवाखाना लांब होता, तेव्हा किती बायका बाळंतपणात जायच्या! अशा बाईला जग घाबरलं, पण तिला बाळाला मांडीवर घ्यायचं होतं हे कोणी विचारलं का? आपली बहुतेक भुतं अशीच आहेत, काहीतरी राहून गेलेली माणसं. मुंजासुद्धा मुंज होऊन लग्नाआधीच गेलेला मुलगा, पिंपळावर राहणारा.

आता लढाई. गिऱ्हा हडळीला बुडवू शकत नाही, ती आधीच मेलेली. हडळ गिऱ्ह्याला झपाटू शकत नाही, शिरायला त्याला अंगच नाही. दोघांचीही हत्यारं जिवंत माणसांसाठी आहेत! मग उरतं ते फसवणं. त्यात पाण्याकाठी हडळीचा फायदा आहे. तिची ओळख उलट्या पावलांवरून पटते, आणि घोटाभर गढूळ पाण्यात उभी राहिली तर पावलं दिसणारच नाहीत. गिऱ्हा तिला साधी बाई समजून जवळ येईल.

गावाच्या आत मात्र हे होणार नाही. भुतांचा राजा वेताळ, आणि वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीला तो वेतोबा म्हणून देव आहे. लोक त्याला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. रात्री तो गावाची राखण करत फिरतो आणि त्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. आजोबांबरोबर गेलो होतो तेव्हा तू त्या वहाणांशेजारी आपलं पाऊल ठेवून पाहिलं होतंस. त्याच्या हद्दीत कोणी दंगा करायची हिंमत करणार नाही, म्हणून लढाई वेशीबाहेर, नदीवरच.

आणि निकाल केसांवर लागेल. गिऱ्ह्याची बट ज्याच्या हाती लागते त्याचा तो चाकर होतो, असं सांगतात. सांगाल ते काम करतो, पण ती बट शोधत राहतो. सापडली की सुटला, आणि मग सूड घेतो. म्हणून माणसं ती बट कुठे लपवावी या काळजीत असायची. हडळीला ती काळजी नाही. गिऱ्हा हात धरायला वाकला की ती बट उपटेल आणि आपल्या गुडघ्यापर्यंतच्या मोकळ्या केसांत खोचून टाकेल. त्या जंगलात गिऱ्ह्याला स्वतःचे केस जन्मात सापडायचे नाहीत.

म्हणून माझं मत हडळीला. तुझं मुंजाला असेल तर त्याची लढाई तू लिही, आपण रविवारी व्हिडिओ कॉलवर आजोबांना वाचून दाखवू.

तुझी,
आई