डिबेट शोची अँकर व्हायचंय? आधी रिपोर्टिंग करू द्या

नमस्कार ताई,

तुमचं पत्र वाचलं. लेक बीए सेकंड इयरला, विषय पॉलिटिकल सायन्स, रोज रात्री टीव्हीवरच्या डिबेट बघते आणि म्हणते मला त्या खुर्चीत बसायचंय, तिचे बाबा म्हणतात एमपीपीएससी, म्हणजे मध्य प्रदेशची राज्यसेवा परीक्षा दे, आणि त्यात एका अकॅडमीने तीन महिन्यांच्या अँकरिंग कोर्सचे दीड लाख मागितलेत, भरू का असं तुम्ही विचारलंय. आधी तेच सांगते, भरू नका. कॅमेऱ्यात कसं बघायचं, प्रॉम्प्टर कसा वाचायचा हे न्यूजरूममध्ये काम करता करता येतं. खरी अडचण वेगळीच असते, समोरचा प्रवक्ता आत्ता काय बोलला ते नीट ऐकून त्यातूनच पुढचा प्रश्न काढता यायला हवा, आणि त्याला अभ्यास लागतो, तो विकत मिळत नाही.

आपल्याच राज्याचं बघा ना. मार्च २०२० मध्ये कमलनाथांचं काँग्रेस सरकार पडलं तेव्हा ज्योतिरादित्य सिंधिया गटाच्या २२ काँग्रेस आमदारांनी थेट पार्टी बदलली नाही, आधी आमदारकीचे राजीनामे दिले. का? तर पक्षांतरबंदी कायद्यातून सूट मिळवून दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचं तर दोन तृतीयांश आमदार लागतात, काँग्रेसचे तेव्हा ११४ होते, म्हणजे ७६ हवे होते, आणि हे होते फक्त २२. राजीनामे दिले की सभागृहाची संख्या कमी होते आणि बहुमताचा आकडाही खाली येतो. हा हिशोब ज्या अँकरला पाठ आहे तिने शांतपणे एक प्रश्न विचारला तरी प्रवक्त्याला विषय बदलता येत नाही. ज्याला तो माहीत नाही त्याला मग आवाज चढवावा लागतो, दुसरं हातात काही नसतं.

तुम्ही लिहिलंय की तिथे नुसता आरडाओरडा असतो, मुलीला तसं व्हायला नको. तुमची काळजी अगदी बरोबर आहे, आणि ही गोष्ट फक्त तुम्हालाच खटकते असंही नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये हेट स्पीचच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने तोंडी सांगितलं होतं की अशा शोमध्ये अँकरची भूमिका फार महत्त्वाची आहे. चॅनलवाल्यांची स्वतःची एनबीडीएसए नावाची संस्था आहे, तिथे प्रेक्षक तक्रार करू शकतात आणि तिचे निर्णय नेटवर वाचायला मिळतात. लेकीला ते वाचायला लावाच, कुठल्या डिबेटमध्ये कुठल्या प्रश्नावर आणि स्क्रीनवरच्या कुठल्या ओळीवर आक्षेप घेतला गेला ते तिला कळेल, माझ्या मते कुठल्याही कोर्सपेक्षा हे जास्त कामाचं आहे.

आणि त्या खुर्चीत बसल्यावर काय चालू असतं तेही तिला माहीत हवं. कानात टॉकबॅकचा इअरफोन असतो, त्यावर पीसीआरमधून, म्हणजे स्टुडिओच्या कंट्रोल रूममधून, प्रोड्यूसर सारखा बोलत असतो, ब्रेकला तीस सेकंद, दिल्लीच्या गेस्टची लाइन तुटली, आता दुसऱ्याकडे जा, आणि त्याच वेळी समोरचा माणूस तावातावाने बोलतोय, त्याच्या बोलण्यातला चुकीचा आकडा तिला पकडायचाय. घरी सवय करता येते, एका कानात इअरफोन लावून बातम्या चालू ठेवायच्या आणि आजोबांशी महापालिकेच्या एखाद्या विषयावर दहा मिनिटं बोलायचं, नंतर आजोबा काय काय म्हणाले ते कागदावर लिहून काढायचं. पहिल्यांदा अर्धंही आठवणार नाही, तरी सोडू नको म्हणावं.

रस्ता सरळ आहे पण लांब आहे. ग्रॅज्युएशन पूर्ण होऊ दे, मग पत्रकारितेचं शिक्षण, आपल्या इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठात, भोपाळच्या माखनलाल चतुर्वेदी विद्यापीठात किंवा दिल्लीच्या आयआयएमसीत (भारतीय जनसंचार संस्था), मराठीतच करायचं असेल तर आयआयएमसीचं अमरावती सेंटर आहे. त्यानंतर काही वर्षं रिपोर्टिंग, नगर निगम, कोर्ट, मंडी, निवडणुका. सुरुवातीला पगार कमी असतो, वेळेचा पत्ता नसतो, हे बाबांना आत्ताच स्पष्ट सांगा, म्हणजे नंतर घरात वाद नकोत. बाबांचंही ऐकू द्या, एमपीपीएससीसाठी जी राज्यघटना वाचावी लागते तीच इथे लागते, त्यामुळे ती तयारी फुकट जाणार नाही.

घरी मराठी म्हणून हिंदीत मागे पडेल अशी भीती वाटतेय ना, ती मनातून काढून टाका. राहुल बारपुते आपल्यातलेच, मराठी घरचे, आणि ते इंदूरच्या नई दुनिया या हिंदी वर्तमानपत्राचे संपादक होते, राजेंद्र माथुर आणि प्रभाष जोशी हे हिंदीतले मोठे पत्रकार त्यांच्याच हाताखाली तयार झाले. तिला दोन्ही भाषांतल्या लोकांशी बोलता येतं हा तिचा फायदाच आहे. आणि मालवा हाऊसला, म्हणजे आपल्या इंदूरच्या आकाशवाणी केंद्रात, कॅज्युअल अनाउन्सरच्या ऑडिशन निघाल्या की फॉर्म भरायला सांगा, दीड लाखाच्या जागी फॉर्मच्या फीमध्ये माइकसमोर बोलून बघता येईल.

आता तिला माझ्याकडून एक काम. २०२४ च्या लोकसभेला आपल्या इंदुरात काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतला आणि नोटाला २,१८,६७४ मतं पडली. यावर अर्ध्या तासाचा शो आहे असं समजून तिने पाच प्रश्न काढायचे, दोन भाजपच्या प्रवक्त्याला, दोन काँग्रेसच्या, एक नोटाचं बटण दाबलेल्या मतदाराला, आणि प्रत्येकाखाली समोरचा काय उत्तर देईल आणि त्यावर ती काय विचारेल ते लिहायचं. पुढच्या महिन्यात पाठवा, मी एकेक प्रश्न वाचून सविस्तर कळवते.