‘नॉनइन्व्हेझिव्ह नर्व्ह स्टिम्युलेशन’ला मराठीत काय म्हणायचं?

वाशीच्या एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी विचारलंय की कानावरून व्हेगस नर्व्हला, म्हणजे मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या मज्जातंतूला, हलका करंट देऊन विचारशक्तीवर काय परिणाम होतो ते तपासायचंय, त्याच्या मराठी संमतीपत्रात ‘निरोगी प्रौढांमध्ये मज्जातंतूंची अनाक्रमक उत्तेजना व बुद्धिवर्धन’ असं लिहिलं तर चालेल का.

ताई, माझं स्पष्ट मत, नका लिहू.

सगळ्यात आधी ‘उत्तेजना’ काढा. मराठीत उत्तेजन म्हटलं की उत्तेजनार्थ बक्षीस आठवतं, उत्तेजक म्हटलं की खेळाडूंची डोप टेस्ट, आणि नुसतं उत्तेजना म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोक्यात भलतंच काहीतरी येतं. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात न्यूरॉनला चेतापेशी म्हणतात, तिथलाच ‘उद्दीपन’ घ्या. मला स्वतःला ‘चेतवणं’ जास्त आवडतं, चूल चेतवतात तेच क्रियापद, चेता आणि चेतवणं एकाच घरचे शब्द आहेत, पण फॉर्मवर उद्दीपनच बरं.

‘अनाक्रमक’ हा शांत स्वभावाच्या माणसाला लावायचा शब्द वाटतो. मुळात नॉनइन्व्हेझिव्ह, म्हणजे शरीरात काही न घुसवता केलेलं, असं का म्हणावं लागलं तर जुन्या पद्धतीत छातीवर कातडीखाली यंत्र बसवून मानेतल्या व्हेगसला तार गुंडाळतात, अमेरिकेत 1997 मध्ये फिट्ससाठी त्याला मंजुरी मिळाली, आणि 1999 मध्ये असं यंत्र बसवलेल्या पेशंटांना वाचलेले शब्द ओळखायला त्याची मदत होते असं दिसलं, तिथून पुढे निरोगी माणसांवर कानावरून प्रयोग करायची कल्पना जोर धरत गेली. ‘बिनटाक्याचं’ म्हणावं तर आपल्याकडे मोतीबिंदूचं ऑपरेशनही बिनटाक्याचं असतं, म्हणजे ऑपरेशन आलंच. म्हणून सरळ ‘कातडीवरून’ लिहा.

‘मज्जातंतू’ऐवजी नुसतं ‘नस’ लिहिणंही धोक्याचं. ठाण्यात काय नि नेरुळमध्ये काय, नस दबली म्हणजे नर्व्ह आणि सुईसाठी नस सापडत नाही म्हणजे रक्तवाहिनी, दोन्ही एकाच तोंडून ऐकू येतं. संमतीपत्रात नस वाचून माणूस रक्त काढणार समजेल. ‘व्हेगस ही मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी, संदेश नेणारी नस’ असं एकदा लिहून टाका. तिची एक फांदी कानात येते, कानात काडी घातली की काहींना खोकला येतो तो तिच्यामुळेच. इलेक्ट्रोड लावतात ती जागाही सांगा, कानाच्या भोकाच्या वरच्या अंगाला जो खळगा लागतो ना, तिथे. बऱ्याच प्रयोगांत तुलनेसाठी करंट कानाच्या पाळीला देतात, कारण तिथे व्हेगसची फांदी पोचत नाही असं मानतात, तुम्हीही देणार असाल तर तेही लिहायलाच हवं.

‘प्रौढ’वर मात्र मी अडून बसेन. अडल्टला प्रौढ हा शब्द कोशात बरोबर आहे, पण बोलण्यात प्रौढ बाई म्हणजे पंचेचाळिशीच्या पुढची, कॉलेजातला विशीचा मुलगा तो कागद आपल्यासाठी नाहीच म्हणून बाजूला ठेवेल. ‘18 वर्षांवरील निरोगी व्यक्ती’ लिहा.

आणि बुद्धिवर्धन तर नकोच नको. निरोगी माणसांत लक्ष देणं, एका कामावरून दुसऱ्यावर पटकन वळणं असल्या चाचण्यांत काही अभ्यासांना थोडा फायदा दिसलाय, काहींना काहीच नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे संमतीपत्र भाग घेणाऱ्याला समजेल अशा भाषेत लागतं, आणि फायद्याचं आश्वासन देणारा शब्द सोपा असला तरी खोटाच ठरतो.

मी असं लिहीन: ‘कानाच्या कातडीवरून व्हेगस नसेला सौम्य विजेचं उद्दीपन दिल्याने लक्ष आणि स्मरणशक्तीत काही फरक पडतो का, याचा अभ्यास.’ खाली एक ओळ, करंट चालू असताना कानाला मुंग्या येतील किंवा टोचल्यासारखं वाटेल, नको वाटलं तर कधीही थांबवता येईल.