लुंडला येण्याआधी: के-मीन्स येतं, पुढे काय?

पुण्याहून स्वीडनमधल्या लुंडला मधुमेहाच्या डेटावर पीएचडीला यायचं म्हणतोस आणि विचारतोस, के-मीन्स, म्हणजे सारख्या नोंदी आपोआप एका गटात टाकणारी रीत, चालवता येतं, तेवढं पुरेल का? नाही पुरणार. के-मीन्सला पाच गट माग, तो पाच देतो. सात माग, सात देतो. गट मुळात नसले तरी देतो.

इथलं गाजलेलं काम २०१८ चं. लुंडच्याच स्कोने प्रांतात नव्याने मधुमेह निघालेल्या ८,९८० जणांचे सहा आकडे घेतले: जीएडी अँटिबॉडी (शरीर स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटल्याची खूण), वय, बीएमआय, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), इन्सुलिन किती तयार होतं नि शरीर त्याला किती जुमानतं. पाच गट निघाले. इन्सुलिनला न जुमानणाऱ्यांमध्ये मूत्रपिंडाचा त्रास जास्त निघाला. मीही ते वाचूनच इकडे आले. पण २०२० मध्ये चेन्नईच्या संशोधकांनी १९,०८४ भारतीय रुग्ण घेतले तेव्हा चार गट निघाले आणि त्यातले दोन इथल्यांशी जुळेनात. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसातही चरबी बरीच असते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. याज्ञिकांनी कधीच दाखवलंय. म्हणजे तोच बीएमआय दोन्हीकडे तेच सांगत नाही. ही जाण तू घरूनच घेऊन येशील, तिला कमी लेखू नकोस.

माझा पहिला क्लस्टर, म्हणजे असा गट, अगदी देखणा होता, बाकीच्यांपासून स्वच्छ वेगळा. दोन दिवस मी हवेत होते. मग एकेक ओळ वाचायला बसले. त्या गटात एचबीए१सी सगळीकडे ६, ७, ८. बाकीच्यांत ४८, ५३, ६४. एका प्रयोगशाळेचे आकडे टक्क्यांत होते, बाकीचे इथल्या पद्धतीने मिलिमोल प्रति मोलमध्ये. सात टक्के म्हणजेच ५३. मला आजाराचा नवा प्रकार नव्हे, एकक सापडलं होतं! तेव्हापासून आधी एककं, मग हिस्टोग्राम (कुठला आकडा किती वेळा येतो त्याचा आलेख), मग प्रत्येक आकडा एका मापावर आणणं, आणि शेवटी क्लस्टर. नंतर बूटस्ट्रॅप: पुन्हा पुन्हा नमुने काढून तेच गट टिकतात का बघायचं.

आणखी एक. ब्रिटनमधल्या एक्सेटरच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं की उपचाराचा अंदाज बांधायला वय, बीएमआय असे साधे आकडे थेट वापरले तर ते क्लस्टरच्या तोडीस तोड किंवा सरसच ठरतात. मुलाखतीआधी हे नक्की वाच.

पीएचडीला इथे फी नाही, उलट पगार मिळतो. जागा जाहिरातीने भरतात. रुग्णांचा डेटा नैतिक मंजुरीशिवाय बघायला मिळत नाही, म्हणून आतापासून अमेरिकेच्या एनहेन्स (NHANES) या आरोग्य-पाहणीच्या खुल्या डेटावर हात बसव. तुझी पहिली फाईल मला पाठव, आपण ओळीने वाचू.