ख्रिस्ती विश्वासी म्हणून आत्मिक स्वातंत्र्यात कसं जगायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाप्तिस्मा झालाय, तारणाबद्दल शंका नाही, पण शुक्रवारची उपासप्रार्थना चुकली किंवा दशमांश (मिळकतीचा दहावा भाग) द्यायला उशीर झाला की देव रागावला असं वाटत राहतं. मंडळीत एकीकडे "ख्रिस्तात आपण स्वतंत्र आहोत" असं शिकवतात आणि दुसरीकडे काय खायचं, काय ल्यायचं, कुणाकडे जायचं नाही याची यादी हातात देतात. मग स्वातंत्र्य म्हणतात ते कुठे आहे?

पहिल्या भागाचं उत्तर रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात आहे. ख्रिस्त येशूमध्ये जे आहेत त्यांना दंडाज्ञा नाही. फक्त शुक्रवारी हजर असणाऱ्यांनाच ती नाही, असं तिथे म्हटलेलं नाही. झालं. यापेक्षा जास्त मला सांगता येणार नाही आणि सांगायची गरजही वाटत नाही.

मी लिहायला बसले ती त्या यादीमुळे. ती यादी मी पाहिली आहे. माझ्या धाकट्या भावाच्या फ्रीजवर चिकटवलेली होती. बायकांनी टिकली लावू नये, प्रसाद-फराळ घेऊ नये, गणपतीचं चित्र असलेली लग्नपत्रिका घरात ठेवू नये, किराणावाल्याकडून आलेलं देवादिकांचं कॅलेंडर भिंतीला लावू नये. खाली बायबलमधल्या करिंथकरांस पत्राचा संदर्भ, अध्याय आणि वचनासकट. त्याच अध्यायात पुढे पाच वचनांवर काय लिहिलंय ते मात्र यादी करणाऱ्याने वाचलेलं दिसत नव्हतं. त्याकडे येते.

आम्ही नगरचे. (आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या तोंडात नगरच बसलंय.) पणजोबा नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यातले, महारवाड्यातले. छप्पनच्या, म्हणजे 1899-1900च्या, दुष्काळानंतर ख्रिस्ती झाले. आजी सांगायची की गावच्या विहिरीवर त्यांना पाण्याला हात लावता यायचा नाही, कुणीतरी वरून ओंजळीत ओतायचं तेव्हा प्यायचं, आणि तेही ओतणाऱ्याच्या मर्जीने. सण झाला की पाटलाच्या वाड्यामागे उभं राहायचं, मग शिळं अन्न पदरात पडायचं. मिशनच्या शाळेत आजोबा शिकले, मास्तर झाले, नगरात घर बांधलं. आमच्या घरात स्वातंत्र्य या गोष्टीवर कुणी प्रवचन दिलं नाही, कारण ते सगळ्यांना दिसत होतं. आजोबा खुर्चीत बसून पाहुण्यांशी बोलत, एवढं पुरेसं होतं.

शेजारच्या काकू माळकरी. पंढरीची वारी, एकादशी, सगळं कडक. त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासून दर दिवाळीला त्यांच्याकडून आमच्याकडे स्टीलचा डबा येतो. वर क्रोशाचा रुमाल, आत चकल्या, चिवडा, करंज्या आणि वेगळ्या पुडीत अनारसे, कारण आईला अनारसे फार आवडतात आणि तिला ते कधी साधले नाहीत, तुपात टाकले की हसायचे. नाताळात आमच्याकडून त्यांच्याकडे शंकरपाळे आणि केक. डबा रिकामा परत करायचा नाही, ही दोन्ही घरांची रीत. याच्यात कुणाला काही विशेष वाटायचं नाही. मला मात्र मोठेपणी वाटायला लागलं. ज्या माणसाच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे, त्याच्या नातसुनेसाठी एक माळकरी बाई हाताने अनारसे थापते. मला विचाराल तर शुभवर्तमानाचं नगर जिल्ह्यातलं फळ म्हणजे हा डबा.

तर भाऊ एका नव्या मंडळीत जायला लागला. त्यांच्या भाषेत आम्ही सगळे नामधारी आणि ते विश्वासी. आम्ही आपले भेटलो की सलाम म्हणणारे, तो आता "प्रेज द लॉर्ड" म्हणायचा, फोनवरसुद्धा. ते असो. त्या दिवाळीत मी पुण्याहून आले होते. सकाळी काकू डबा घेऊन दारात. भावाने दार उघडलं आणि उंबऱ्यातच सांगितलं, "काकू, आम्ही हे आता घेत नाही."

काकूंना कळेना. त्यांनी आधी विचारलं, "सुतक आहे का रे? कोण गेलं?" हा म्हणाला, नाही. काकू म्हणाल्या, "सुतक असलं तरी शेजाऱ्याचा फराळ चालतो की. उलट तेव्हाच द्यायचा असतो." मग याने साक्ष द्यायला सुरुवात केली. नैवेद्य दाखवलेलं अन्न, मूर्तीपुढचं अन्न, वगैरे. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. रुमालाची दुमडलेली कड सरळ केली, डबा कडेवर घेतला आणि "बरं बाबा, आईला सांग येऊन गेले" म्हणून गेल्या. त्यांचा चेहरा मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिला. आई तेव्हा अंघोळीला होती. तिला कळल्यावर ती ओल्या केसांनी मागच्या दाराने काकूंकडे गेली आणि तासाभराने डबा घेऊनच आली. भावाशी ती त्या दिवशी बोलली नाही. अनारसे मात्र तिने त्याच्यासमोर बसून खाल्ले.

मग आमचं भांडण. ते अजून संपलेलं नाही, म्हणूनच हे उत्तर एवढं लांबतंय.

तो म्हणतो, करिंथकरांस पहिलं पत्र, दहावा अध्याय: प्रभूचा प्याला आणि भुतांचा प्याला दोन्ही पिता येणार नाहीत. बरोबर आहे, लिहिलंय. पण ते देवळातल्या पंगतीला बसण्याविषयी आहे, पूजेत भाग घेण्याविषयी. त्याच अध्यायात पुढे ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल सांगतो की मांसाच्या बाजारात जे विकत मिळतं ते खा, विवेकबुद्धीचं नाव घेऊन चौकशी करत बसू नका. करिंथच्या बाजारात बळी दिलेलं मांस विकायला यायचं हे पौलाला चांगलं माहीत होतं. पुढे तो म्हणतो, विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावलं आणि तुम्हाला जावंसं वाटलं, तर जा आणि वाढतील ते खा. तिथेही चौकशी नको. काकूंनी "हे नैवेद्याचं आहे" असं म्हटलंच नव्हतं. चौकशी याने केली, उत्तरही यानेच दिलं.

यावर त्याचं दुसरं अस्त्र म्हणजे आठवा अध्याय: दुर्बळ भावाला अडखळण होऊ नये म्हणून पौल मांस सोडायला तयार होता, मग तू माझ्यासाठी फराळ सोड. हा मुद्दा वजनदार आहे, हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण पौलाचा दुर्बळ भाऊ तो, ज्याचा विवेक दुखावतो आणि जो त्यामुळे पडतो. हातात यादी घेऊन दुसऱ्यांची घरं तपासणारा माणूस दुर्बळ नसतो. तो दुर्बळाच्या नावाने हुकूम चालवतो. असे लोक पौलाला गलतीयात भेटले होते आणि तिथे तो अजिबात नरमला नाही. अंत्युखियात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, जेवत होता. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब, त्याच्याकडून माणसं आल्यावर त्यांच्या भीतीने तो पंगतीतून उठला, तेव्हा पौलाने खुद्द पेत्राला सगळ्यांदेखत सुनावलं. एवढ्या सुरुवातीच्या काळात, एवढ्या मोठ्या माणसांमध्ये भांडण झालं ते कशावरून? कोणाबरोबर जेवायचं यावरून. आणि हे ज्यात लिहिलंय त्या गलतीकरांस पत्रातच पुढे पाचव्या अध्यायात येतं की ख्रिस्ताने मोकळं केलंय, पुन्हा जुवाखाली मान देऊ नका.

भाऊ ज्याला पवित्रता म्हणतो ते सोवळं आहे. शिवाशिव आहे. पणजोबांना ज्या गोष्टीने गावाबाहेर ठेवलं तीच आपण बायबलच्या कव्हरात घालून घरात आणली. हे मी त्याला तोंडावर सांगितलंय, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही.

बरं, कुणी म्हणेल, मग न खाणं म्हणजे गुलामीच का? नाही. पंडिता रमाबाईंचं बघा. 1883 साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, पण मांस-अंडी खाल्ली नाहीत. मठातल्या सिस्टर जेराल्डीनना त्यात जातीचा अहंकार दिसला. रमाबाईंनी पत्रात त्यांना ठणकावलं. जातीचे काही संस्कार आपल्यात उरले असतील हे मान्य केलं, पण खाण्यापिण्याच्या बाबतीत कुणाचा हुकूम घेतला नाही. आणि एका भटशाहीचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलंय, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही, हेही स्पष्ट कळवलं. ज्यांनी रमाबाईंना येशूकडे नेलं त्यांनाच. रमाबाईंनी अंडं खाल्लं नाही यात स्वातंत्र्य होतं, कारण 'खा' असा दबाव असताना त्यांनी स्वतः ठरवलं. आणि इतर कुणाच्या ताटात डोकावल्या नाहीत.

नारायण वामन टिळकांनी तर 1917 साली मिशनची नोकरीच सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघांनाही जागा होती. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो हे ते उघड सांगत. आज भावाच्या मंडळीत त्यांची भजनं 'जुनी' म्हणून बंद आहेत. टाळ-पेटी हिंदू वाटते म्हणे. कीबोर्ड कोणत्या शास्त्रात आलाय ते मी विचारलं, उत्तर मिळालं नाही.

दशमांशाचं तुम्ही विचारलंय म्हणून सांगते. बायबलच्या जुन्या करारातल्या मलाखीच्या तिसऱ्या अध्यायावरून "देवाला लुबाडता" अशी धमकी देऊन पैसे मागत असतील तर त्यांना करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा नववा अध्याय दाखवा: ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, दुःखी होऊन किंवा देणं भाग पडतं म्हणून नव्हे. मी स्वतः देते, दहाव्या भागाच्या आसपासच देते, पण पगाराची स्लिप कुणाला दाखवत नाही. तुमच्याकडे ती मागत असतील तर ती मंडळी सोडा. यात 'पण' नाही. तीच गोष्ट पूर्वजांचे शाप तोडायला खास उपास करायला लावणाऱ्यांची. ख्रिस्त आपल्यासाठी शाप झाला असं गलतीकरांस लिहिलंय. मग आणखी कोणता उरला? असल्या प्रार्थनेसाठी माझ्या भावाकडून पणजोबांच्या कुलदैवतांची नावं लिहून घेतली होती. जी नावं आमच्या घरात तीन पिढ्या कुणी घेतली नव्हती ती यांनी खोदून काढली.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर भाऊ म्हणेल ताईने अर्धवट सांगितलं. त्याची दारू त्या मंडळीतच सुटली. आमच्या जुन्या मंडळीत तो कित्येक वर्षं रविवारी वास मारत मागच्या बाकावर बसायचा आणि कुणी त्याला काही विचारलं नाही. पाळकसाहेबांनी नाही, वडीलजनांनी नाही. स्वातंत्र्याच्या नावाखाली आम्ही त्याला मोकळा सोडला होता. त्या लोकांनी रात्री दोनला त्याचे फोन घेतले. त्याला पहिली काही वर्षं यादी लागली असेल, ते मी समजू शकते. दारू सोडलेला माणूस गुत्त्याच्या रस्त्याने जात नाही, आणि कुणी काल-परवा देवऋषी-अंगाऱ्याच्या भीतीतून बाहेर आला असेल तर त्याने प्रसादाला हात न लावणंच बरं. तुम्ही त्यातले असाल तर माझं फराळाविषयीचं सगळं सोडून द्या. आणि घरचे बाकीचे हिंदू असतील तर पूजेला बसायचं की नाही हा वेगळा, खूप अवघड प्रश्न आहे. मी जन्माने ख्रिस्ती, मला तो कधी सोडवावा लागला नाही.

पण यादी ज्याची त्याने पाळावी. ती फ्रीजवर राहू दे, उंबऱ्यावर आणू नये. एवढंच मी त्याला इतकी वर्षं सांगतेय.

तुमच्यापुरतं: येत्या शुक्रवारी मुद्दाम जाऊ नका. घरी जेवा, झोपा. शनिवारी सकाळी मनात काय येतंय ते बघा. कोण रागावलेलं वाटतंय, देव की तुमचे लीडर? नाव नीट ओळखा. पुढच्या शुक्रवारी जावंसं वाटलं तर जा. आणि शेजारून डबा आला तर घ्या, धुऊन काहीतरी घालून परत करा. काकू आमचा केक अजूनही घेतात. अंड्याचा असतो म्हणून स्वतः खात नाहीत, नातवाला देतात. त्यावरून आमच्याकडे कुणी त्यांना वचन काढून दाखवलेलं नाही.